खाल्ल्या घरचे वासे

कृतघ्न माणसाला आपण 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' म्हणतो. हा माणूस नेमकं काय करतो ते एकदा नीट डोळ्यांसमोर आणून पाहा. तो पाहुणा आहे. पोटभर जेवलाय, हात धुऊन ओटीवर लवंडलाय. उताणं झाल्यावर नजर आपसूक वर जाते, आणि वर वासे असतात. ते तो मोजतो. त्याने काही चोरलेलं नाही की कुणाला वाईट बोललेला नाही. पण ज्याचं अन्न खाल्लं त्याच्याच घराची मोजदाद करावी, त्याची ऐपत जोखावी, हे आपल्या भाषेला इतकं लागलं की तिने कृतघ्नपणाचं नावच त्यावरून पाडलं.

माझी अडचण अशी की कौलारू घराचे वासे कुणीतरी मोजावेच लागतात. दर एक-दोन वर्षांनी मान वर करून एकेक वासा बघावा लागतो, हा राहील, हा जाईल असं म्हणावं लागतं. ज्या घरात ते कुणी म्हणत नाही त्याचं काय होतं, हे कोकणातल्या कुठल्याही वाडीत दिसतं. आधी आढं मधोमध वाकतं. मग एखाद्या जुलैत तो भाग आत येतो. मातीत रचलेल्या जांभ्याच्या भिंतींवर थेट पाऊस पडायला लागला की सांध्यांतली माती धुपत जाते, आणि काही पावसाळ्यांत तिथे जोतं, वृंदावन आणि करवंदीची जाळी एवढंच उरतं. पडलेल्या घराबद्दल लोक हळहळतात. पण त्या घरातल्या कुणीतरी, कधीतरी, जेवणं झाल्यावर वर बघितलं असणार आणि काही न बोलता कूस बदलली असणार.

म्हणजे छप्पर बदलायला हवं हे कळतं कधी, एवढाच हा प्रश्न नाही. कळलेलं बोलायचं कुणी, आणि कुठल्या अधिकाराने, हाही आहे. गेली काही वर्षं मी या प्रश्नाशी झटते आहे, कारण दापोली तालुक्यात आमचं एक घर आहे. पणजोबांनी बांधलेलं. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत आणि घरात एकच माणूस राहतं, माझी थोरली काकू. वय 81. बाकी आम्ही पुणे, डोंबिवली, बोरिवली, आणि एकजण थेट टोरंटोला.

छपराची पहिली खोड अशी की त्याच्या दुखण्याचा पुरावा आणि त्यावरचा इलाज एकाच वेळी कधी हाताशी नसतात. जून ते सप्टेंबर पुरावा टपटपत असतो, पण तेव्हा वर चढता येत नाही. कौलं शेवाळलेली असतात, आणि एखादं पाखं उघडं टाकलं तर माजघरात तळं होईल. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. दिवाळीनंतर चढता येतं, पण तोवर छप्पर कोरडं ठणठणीत असतं आणि तक्रार करत नाही. कौलांच्या फटींतून जमिनीवर कवडसे पडतात, शहरातून आलेली मुलं त्यात हात घालून खेळतात. त्याच फटीतून चार महिन्यांपूर्वी पाणी येत होतं हे कुणाला आठवत नाही. आठवण ही हंगामी गोष्ट आहे, निदान छपराच्या बाबतीत तरी.

दुसरी खोड याहून लबाड आहे. जिथे गळतं तिथे फुटलेलं नसतं. पाणी एका कौलाच्या तडीतून आत येतं, रिपेवरून सरकतं, वासा धरून दोन-तीन हात खाली उतरतं, आणि लाकडाला कुठे गाठ किंवा खाच भेटली की तिथून सुटतं. खाली पातेलं ठेवलेल्या जागेवरून वरच्या भोकाचा पत्ता लागत नाही. नवखा माणूस पातेल्याच्या बरोब्बर वरचं कौल बदलतो आणि पुढच्या सरीला पातेलं पुन्हा भरतं. घरात राहणाऱ्याचं निदानही हळूहळू बदलत जातं. काकू 'घर गळतंय' असं कधीच म्हणत नाही. ती म्हणते, "देवघराच्या दारात टोप ठेवलाय, बघून चाल." टोप आधी एक होता, मग तीन झाले, एक परात आली. दरवर्षी त्यांच्या जागा थोड्या सरकतात आणि तिच्या चालण्याच्या वाटा त्याप्रमाणे बदलतात. घराशी केलेली ही तडजोड इतकी संथ असते की तिला तडजोड म्हणायचं सुचत नाही.

इथे तत्त्वज्ञांचं एक जुनं कोडं आपोआप आठवतं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युब्युलिडीसच्या नावावर ते सांगतात. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो, आणखी एक काढला तरी राहतो, मग तो ढीग नाहीसा नेमका कधी होतो? आमच्याकडे हे कोडं उलट्या बाजूने चालतं. एक कौल फुटलं म्हणून कुणी छप्पर बदलत नाही. दोन फुटली म्हणूनही नाही. माझा एक चुलतभाऊ, हिशेबाला पक्का, हे दरवर्षी सांगतो. त्याने युब्युलिडीस वाचलेला नाही, पण युक्तिवाद तोच. मागच्या वर्षी चाललं, यंदा त्यापेक्षा फक्त तीस कौलं जास्त गेलीत, तर यंदाही चालेल.

या युक्तिवादात एक चूक आहे, आणि ती तर्कशास्त्राच्या पुस्तकापेक्षा छपरावर लवकर सापडते. तो कौलं मोजतो. कौल मुळात बदलण्यासाठीच केलेलं असतं. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो त्याचं कुळ अल्सासमधलं आहे. तिथल्या जिलार्डोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचं पेटंट 1841 मध्ये घेतलं, आणि त्या जातीची कौलं बासेल मिशनच्या लोकांनी 1860 च्या दशकात मंगळुरात भाजायला सुरुवात केली. त्याआधी गावोगावचे कुंभार नळीची कौलं करत. ती नुसती एकमेकांवर पालथी-उताणी रचलेली असत, दरवर्षी सरकत आणि दरवर्षी परतावी लागत. मंगलोरी कौलाला मागे रिपेवर अडकायला टोक असतं आणि कडेला शेजारच्याशी जुळणारी खाच असते. एक फुटलं तर ते उचलायचं, दुसरं सरकवायचं. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच का, असा प्रश्न प्लुटार्कने नोंदवून ठेवला आहे. कौलारू छप्पर या प्रश्नावर मुळीच अडत नाही. कौलं सगळी बदलली तरी छप्पर तेच. म्हणूनच कौलांच्या आकड्यावरून काही ठरत नाही.

ठरतं ते खालच्या लाकडावरून. एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. आमच्या घरावर साडेतीन हजारांच्या आसपास आहेत, म्हणजे कोरड्या दिवशी नऊ टनांच्या जवळपास. पावसात कौल पाणी पितं, तेव्हा त्याहून जास्त. हे ओझं रिपांवरून वाशांवर, वाशांवरून आढ्यावर आणि भिंतींवर जातं. डागडुजी या शब्दात एक गृहीत दडलेलं असतं, की जिच्यावर डाग द्यायचा ती गोष्ट खाली अजून धड आहे. ते गृहीत खोटं ठरलं की त्यानंतर केलेली प्रत्येक डागडुजी ही दुरुस्ती नसते, नुसती पुढे ढकललेली तारीख असते.

लाकूड कसं जातं हे मला आमच्या गावच्या सुतारांनी शिकवलं. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ते घरात शिरत नाहीत, आधी समोरच्या खळ्यात लांब जाऊन उभे राहतात आणि आढ्याची रेघ आभाळावर कशी दिसते ते डोळे बारीक करून बघतात. सरळ आहे की पोटात गेली आहे. मग पडवीतून सुरुवात करतात. वाशाला हातोडीच्या दांड्याने ठोकतात. चांगलं लाकूड खणकन बोलतं, पोखरलेलं ढप्प करतं. वाशाचं मधलं अंग बघून फसायचं नाही, असं ते म्हणतात, कारण ते उघड्यावर असतं, वारं लागतं, टिकतं. तो मरतो टोकाला, जिथे भिंतीच्या माथ्यावर टेकतो आणि वळचणीचा ओलावा मुरतो. तिथे ते टोचा खुपसतात. टोचा किती आत जातो त्यावरून वाशाचं वय सांगतात. खाली जमिनीवर पिठासारखा बारीक भुसा पडतोय का, भिंतीवरून वाळवीची मातकट रेघ वर चढलीय का, हे सगळं बघून झाल्यावर पाणी मागतात आणि मगच बोलतात.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. स्वयंपाकघरावरचे वासे आधी सगळ्यांत टणक होते. साठ-सत्तर वर्षं चुलीचा धूर खाऊन काळेभोर झालेले. धुराने भुंगा आणि वाळवी लांब राहायची. काकूकडे गॅस आला, चूल मागच्या पडवीत गेली, आणि काही वर्षांत त्या वाशांतूनही भुसा गळायला लागला. हे ऐकून माझा धाकटा भाऊ म्हणाला, बघा, जुनं ते सोनं. मला वेगळं दिसलं. ज्या धुराने वासे राखले तोच धूर आजी, काकू, आई यांच्या छातीत गेला. दुपारी चारला डोळे पुसत चहा करणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर ते छप्पर टिकलं होतं. गॅस यायलाच हवा होता. मग छपराची जी सोय त्या धुराने फुकट केली होती तिची किंमत आता कुणीतरी पैशात मोजायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. पण फुकट मिळत आलेली गोष्ट बंद झाली की आपण तिचं बिल भरत नाही, तिची आठवण काढून हळवे होतो.

आता मूळ प्रश्नाकडे. कळतं कधी? तात्यांचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकातल्यापेक्षा नेमकं वाटतं. दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, कौलं परतायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "ताई, यंदा मी पोराला वर चढवणार नाही."

पोरगा म्हणजे त्यांचा पुतण्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, घरी तान्हं मूल. गावात आता कौलं परतणारी माणसं उरली नाहीत, तोच एक आहे. तो अनवाणी चढतो आणि पायाने चाचपत, खाली वासा असेल तिथेच भार टाकत जातो. त्या आधीच्या वर्षी त्याने बारा कौलं बदलली आणि त्यासाठी वर फिरताना वीसेक फुटली. एका ठिकाणी रीप मोडून पाय मांडीपर्यंत आत गेला. खालून काकूला छतातून एक पाय लोंबताना दिसला. हा किस्सा आमच्याकडे हसत सांगितला जातो.

मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. उलट छपराचा खरा निकष त्यात आहे असं वाटतं. नीट करायला चढलेल्या माणसाच्या वजनाने जेव्हा नीट होण्यापेक्षा जास्त मोडतं, तेव्हा ते छप्पर संपलेलं असतं. याला कौलं मोजावी लागत नाहीत. आणि हा निकष सरळ नीतीच्या प्रश्नाला जाऊन भिडतो, कारण 'अजून एक वर्ष काढू' हे वाक्य आम्ही पुण्या-डोंबिवलीत फोनवर बोलतो. ते वर्ष काढायचं असतं त्या पोराच्या तळपायांनी. आढ्यापासून खालच्या फरशीपर्यंत अठरा-वीस फुटांचं अंतर. त्याला ना विमा ना दोर, मजुरी दिवसाची. घराचे मालक अकरा, जोखीम घेणारा बारावा, आणि त्याचं नाव कुठल्याही उताऱ्यावर नाही. आपण काटकसर करतो असं समजतो तेव्हा पुष्कळदा नुसती जोखीम एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकवत असतो, आणि ती उतारावरून जाणाऱ्या पाण्यासारखी ज्याच्याकडे नाही म्हणायची सोय नाही त्याच्याकडे जाते. तात्यांनी नाही म्हटलं हे त्यांचं मोठेपण. पण छप्पर संपलं हे आम्हाला कळावं म्हणून एका गरीब माणसाला आपली मजुरी सोडावी लागावी, ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही.

एवढं झाल्यावरही घरात एकमत झालं नाही, कारण काकूचं एक वाक्य आडवं आलं. "माझ्यापुरतं पुरेल गं."

हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हातारं माणूस बोलतं. छपराबद्दल, डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल, नव्या गादीबद्दल. आणि ऐकणाऱ्यांना ते सोयीचं असतं. माझ्या चुलतभावाचं म्हणणं, तिला नको आहे तर आपण का लादायचं? तिचं घर, तिची इच्छा. वरकरणी हा आदर आहे. पण त्या वाक्याची रचना बघा. त्यात दोन आयुष्यांची तुलना आहे, छपराचं उरलेलं आणि तिचं उरलेलं, आणि दुसरं आधी संपेल असा अंदाज आहे. तो अंदाज मान्य करून काही न करता बसणं म्हणजे त्या दोघांत शर्यत लावून बघत राहणं. आणि शर्यत बघणारा माणूस कितीही सज्जन असला तरी कुणीतरी आधी पोचावं असं त्याला वाटायला लागतंच. मला त्या बाकावर बसायचं नव्हतं.

शिवाय ते वाक्य म्हणजे इच्छा नव्हे. ती छप्पर नको म्हणत नाही, माझ्यावर खर्च नको म्हणते. आयुष्यभर शेवटी जेवलेल्या बाईला आपल्यासाठी काही मागायची भाषाच अवगत नसते. तिच्याकडून होय किंवा नाही घेतलं तर नाहीच मिळणार. म्हणून मी प्रश्न बदलला. छप्पर बदलायचं का, असं न विचारता विचारलं, "काकू, पावसात रात्री झोप लागते का तुला?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, वादळ झाल्यापासून नाही लागत. वादळ म्हणजे निसर्ग. 3 जून 2020 ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडालाही झोडपून गेलं. आमच्या घराची दक्षिणेकडची कौलं त्यात उडाली होती आणि नंतर घाईघाईने बसवली होती. तेव्हापासून वारं सुटलं की ती उठते, बॅटरी घेते आणि न्हाणीघरात जाऊन स्टुलावर बसते. न्हाणीघर मागाहून बांधलेलं, त्याच्यावर स्लॅब आहे. घरातली तेवढी एकच जागा तिला भरवशाची वाटते. कधी पहाटेपर्यंत बसते. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

धम्मपदात बुद्ध घर बांधणाऱ्याला उद्देशून बोलतात, आणि तिथे वासे मोडणं, आढं कोसळणं ही मुक्तीची खूण आहे. त्यातलं घर म्हणजे वेगळं घर, हे खरं. पण रात्री दोन वाजता न्हाणीघरात स्टुलावर बसलेल्या बाईला मला तरी एवढ्या मुक्तीची शिफारस करवत नाही.

मी हे बोलायला लागले तेव्हा त्या सुरुवातीच्या वाक्प्रचाराची धार मला लागली. मी या घरची मुलगी. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली. माहेरी येणाऱ्या बाईने ओटी भरून घ्यावी, फणस-आंबे घ्यावेत, आणि जावं. तिने वर बघून वासे मोजले की लोकांच्या कपाळाला आठी पडते, कारण वासे मोजण्याची पुढची पायरी वाटे मोजणं असं समजलं जातं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क देणारा बदल महाराष्ट्राने 1994 मध्ये केला, केंद्राने 2005 मध्ये केला, आणि तरी आपल्याकडे बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करणं हाच चांगुलपणा मानतात. आमच्याकडेही सूचना आली, अगदी गोड शब्दांत. ताई, तू आधी हक्क सोडून दे, मग छपराचं बोल, म्हणजे तुझ्या बोलण्याबद्दल कुणाला शंका राहणार नाही.

ही सूचना मी बरेच दिवस मनात घोळवली, कारण ती वरवर दिसते तेवढी उथळ नाही. स्वार्थ नसलेल्या माणसाचंच म्हणणं खरं, ही आपली जुनी धारणा आहे. साक्षीदार त्रयस्थ हवा, न्यायाधीश त्रयस्थ हवा. पण छपराच्या बाबतीत त्रयस्थ माणूस काय करतो? काहीच नाही. रस्त्याने जाणारे शेकडो लोक आमचं वाकलेलं आढं बघत होते. पंचतंत्रात पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला घर बांधायचा सल्ला देणाऱ्या पक्ष्याचं घरटंच माकडाने मोडलं. परक्याच्या घराबद्दल बोलू नये, हे गाव त्या गोष्टीतून शिकलेलं आहे. (आमच्या छपरावरची निम्मी कौलं वानरांनीच फोडली, हे जाता जाता नोंदवते. गोष्ट जुनी असली तरी माकडं सवय विसरलेली नाहीत.) बोलतो तो गुंतलेला माणूसच. माझा वाटा हा माझ्या बोलण्यातला दोष नव्हता, त्यानेच मला बोलणं भाग पाडलं होतं. हक्क सोडून मी पवित्र झाले असते आणि बिनकामाची झाले असते. मी सही केली नाही. अंदाजपत्रक सात लाखांच्या जवळ जात होतं, त्यातली माझ्या वाट्याची रक्कम पहिल्यांदा भरली आणि त्याची पावती सगळ्यांना पाठवली. संशय त्याने पूर्ण गेला नाही. एका वहिनीचं म्हणणं, पैसे भरले म्हणजे आता ती नक्कीच मागणार. असो. टोरंटोच्या भावाने मात्र दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले, आणि हिशेबाच्या पक्क्या भावाने महिन्याभराने.

मग वाद झाला तो वेगळाच. छप्पर कशाचं घालायचं? शहरात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना कौलंच हवी होती. काय सांगावं त्या कौलांचं, उन्हाळ्यात गारवा, पागोळ्या, ती लय. काकूला पत्रा हवा होता. साधा, रंगीत पत्रा, लोखंडी कैच्यांवर. तिला दरवर्षी एप्रिलमध्ये परतणाऱ्या माणसाच्या मिनतवाऱ्या करायच्या नव्हत्या आणि वानरांमागे काठी घेऊन धावायचं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, काकू, पत्र्यावर पाऊस पडला की काही ऐकू येत नाही. ती म्हणाली, "मला तसंही कुठे ऐकू येतं?"

कौलं सुंदर असतात, मलाही आवडतात. पत्रा उन्हाळ्यात तापतो, आणि नीट न बांधलेल्या पत्र्याखाली वारं शिरलं की अख्खं पाखं उचललं जातं, कौलासारखं सुटं सुटं उडत नाही. हे सगळे मुद्दे खरेच आहेत. पण आमच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी एकानेही त्या छपराखाली सलग चार पावसाळी रात्री काढलेल्या नव्हत्या. आठवण जपायची तर तिच्या देखभालीचं काम आपण करावं. ते 81 वर्षांच्या बाईच्या आणि एका मजुराच्या अंगावर टाकून आपण फक्त गणपतीत फोटो काढायला यायचं, ही आठवण फार स्वस्तात मिळालेली आहे. शेवटी मधल्या घरावर आणि स्वयंपाकघरावर कैच्या आणि पत्रा, खाली उष्णतेसाठी छत, आणि पुढच्या पडवीवर जुन्यातल्या निवडक वाशांवर निवडक कौलं असं ठरलं. पडवीचं छप्पर ठेंगणं आहे, घोड्यावर उभं राहून हात पोचतो. तिथली कौलं आम्ही स्वतः परतायची, अशी अट मी घातली. बघू.

संक्रांतीनंतर तात्या खडू घेऊन आले. कौलं उतरवून विहिरीजवळ थर लावून ठेवलेली होती, वर नुसता सांगाडा आणि त्याच्यातून दिसणारं आभाळ. काकूचं बिऱ्हाड आधीच गोठ्याशेजारच्या खोलीत हलवलं होतं. ती खळ्यात खुर्ची टाकून बसली. तात्या शिडीवरून एकेक वासा ठोकत होते, राहणाऱ्यावर फुली, जाणाऱ्यावर आडवी रेघ. चौसष्ट वासे. राहण्याजोगे तेवीस निघाले. तात्यांनी आकडा सांगितला तसा मी वहीत लिहून घेतला.

"चोवीस," काकू खालून म्हणाली.

तात्या थांबले. "तेवीस, वैनी. मोजले मी."

"मी पण मोजत्ये सकाळपासून. चुलीवरचा तो ऐनाचा धरला नाहीस तू. काळा आहे म्हणून सोडलास. ठोकून बघ."

तात्यांनी शिडी उचलली आणि स्वयंपाकघराच्या बाजूला नेऊन लावली.